भाव ठरला, मोजणी राहिली

प्लास्टर वाळतं, रंगाचे दोन हात होतात, पंखे फिरू लागतात आणि मग बिल येतं. घराच्या वीजकामावरून मालक आणि कंत्राटदार यांच्यात जी वाजावाजी होते, तिचा मुहूर्त बहुतेक वेळा हाच असतो. शेजारपाजारच्यांना वाटतं, भाव जास्त लावला असणार. पण दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तर भाव दोघंही एकच सांगतात. पॉइंटला आठशे ठरले होते, यावर वाद नसतो. वाद असतो तो आठशेने गुणायचं कशाला यावर.

घरगुती वायरिंगचा हिशेब आपल्याकडे पॉइंटवर होतो. पॉइंट म्हणजे नेमकं काय, हे मात्र काम सुरू होताना क्वचितच कुणी विचारतं आणि क्वचितच कुणी सांगतं. एका बेडरूमचा हिशेब मांडून बघू. खोलीत एक पंखा, एक ट्यूब, एक नाइट लॅम्प. पीओपीच्या छतात सहा छोटे दिवे, तीन-तीन एकेका बटणावर. ट्यूबचं एक बटण दाराशी आणि एक पलंगाच्या उशाशी, म्हणजे टू-वे. बोर्डांवर मिळून तीन साधे सॉकेट. एसी सध्या बाजूला ठेवू.

मालक बटणं मोजतात. पंखा, ट्यूब, नाइट लॅम्प आणि छताची दोन, झाले पाच पॉइंट. सॉकेट तर बोर्डावरच आहेत, त्यांचे कसले पैसे? कंत्राटदार खोलीत जिथे जिथे वीज बाहेर येते ते सगळं मोजतो. पंखा एक, टू-वे म्हणून ट्यूबचे दोन, नाइट लॅम्प एक, छतातले सहा, सॉकेट तीन: तेरा पॉइंट. हिशेबासाठी धरलेल्या ८०० रुपयांच्या भावाने पहिली रक्कम ४,००० होते आणि दुसरी १०,४००. एका खोलीत ६,४०० रुपयांचा फरक, आणि दोघांपैकी एकही खोटं बोलत नाही. मुंबई-पुण्याकडे इंटिरियरची कामं करणारे आणखी एक पद्धत वापरतात. बटणावरचा पहिला दिवा ‘प्रायमरी’, त्याला पूर्ण भाव; त्याच बटणावरचे पुढचे ‘सेकंडरी’, त्यांना अर्धा. टू-वे दीड, बोर्डावरचा सॉकेट अर्धा. या पद्धतीने हीच खोली नऊ पॉइंटांची होते, म्हणजे ७,२००.

यातलं बरोबर कोणतं? त्यासाठी भिंतीच्या आत बघावं लागतं. बोर्डापासून छताच्या पहिल्या दिव्यापर्यंतचं अंतर सात मीटर धरा. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वायरी गेल्या म्हणजे एकवीस मीटर वायर, शिवाय पाइप आणि भिंतीतली खाच. पुढचा दिवा दीड मीटरवर असेल तर तिथे लागते साडेचार मीटर वायर. नवी खाच नाही, नवं बटण नाही. पण जोड तेवढेच करावे लागतात, दिवा तेवढाच बसवावा लागतो, शिडीवरही तितकंच चढावं लागतं. म्हणून अर्धा भाव पटण्यासारखा आहे. छतातल्या सहाही दिव्यांचे पूर्ण पैसे मागणारा कंत्राटदार जास्त मागतोय, असं माझं मत.

टू-वेच्या बाबतीत मात्र मी कंत्राटदाराच्या बाजूने आहे. “दादा, दिवा तर एकच आहे ना?” हा प्रश्न प्रत्येक घरात होतो, आणि “मॅडम, दिवा एक, पण वायर किती गेली बघा ना,” हे उत्तरही. उत्तर खरं आहे. दोन वेगळ्या प्रकारची बटणं लागतात, दोन्ही बोर्डांना जोडणाऱ्या जादा वायरी लागतात, आणि दारापासून उशापर्यंत जायचं तर खोलीचे एक-दोन कोपरे फिरावे लागतात. साध्या पॉइंटपेक्षा यात माल आणि वेळ दोन्ही जास्त जातात. सॉकेटचं उलट आहे. बोर्डापर्यंत वीज आलेलीच असते, आत वीतभर वायरीचा जोड आणि वर सॉकेट. पूर्ण पॉइंट लावणं ज्यादती, फुकट मागणं तेवढंच चुकीचं.

पॉइंटचं माप मुळात वाईट नव्हतं. वाड्यांत आणि चाळींत सागवानी पट्टीवर क्लिपा मारून वायरिंग व्हायचं तेव्हा खोलीत एक दिवा, एक बटण, फार तर एक पंखा. प्रत्येक पॉइंटला वायर कमी-अधिक तेवढीच लागायची, आणि शंका आली तर मान वर करून पट्टी मोजता यायची. पुढे प्लॅस्टिकची केसिंग-कॅपिंग आली, तीही डोळ्यांसमोर. मग कन्सील्ड वायरिंग आलं. पाइप भिंतीत गेले, स्लॅबमध्ये गेले, छत खाली आलं आणि त्यात दिव्यांच्या रांगा लागल्या. माप तेच राहिलं, पण एका बटणावर एक दिवा की आठ, हे घरागणिक बदलायला लागलं. आणि बिलाच्या दिवशी मोजून बघावं असं काहीच समोर उरलं नाही.

हा गुंता सरकारी बांधकामखात्यांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे, आणि घरमालकांना त्याचा पत्ता नसतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत साधा दिव्याचा किंवा पंख्याचा पॉइंट ही एक बाब आहे. दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्याची बाब वेगळी, तिचा दर वेगळा. स्वतंत्र बटण नसलेला, आधीच्या दिव्यावरून पुढे नेलेला पॉइंट ही आणखी वेगळी बाब. पॉइंटच्या दरात काय काय येतं हेही लिहिलेलं असतं: बोर्डापासून दिव्यापर्यंतची वायर, पाइप, बटण, मागची पेटी, अर्थिंगची वायर. मुख्य पेटीपासून बोर्डापर्यंत येणारी वायर मात्र पॉइंटमध्ये धरत नाहीत. ती सर्किटची वायर, तिचं माप मीटरमध्ये. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखाही स्वतःची दरसूची काढते, तिथेही मेन्सची वायर मीटरवर आणि पॉइंट नगावर अशीच विभागणी सापडते. त्या सूचीतले दर जसेच्या तसे घरी लावता येणार नाहीत, सरकारी कामाचा पसारा आणि घरातलं काम यांत फरक आहे. बाबींची ती मांडणी मात्र कुणीही उचलावी, तिला पैसे पडत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. सरकारी कंत्राटात एक कलम असतं: जे काम झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी कंत्राटदाराने अभियंत्याला लेखी कळवायचं, म्हणजे त्याला ते मोजून घेता येईल. न कळवता झाकलं तर उघडून दाखवण्याचा खर्च कंत्राटदाराचा. मोजलेलं मोजमाप पुस्तकात चढतं आणि त्यावरून बिल निघतं. घरच्या कामात अभियंता नसतो, पण भिंतीत पाइप बसवून झाले आणि गवंडी अजून यायचाय, अशी एक-दोन दिवसांची फट प्रत्येक कामात असते. त्या फटीत प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढला, आणि कागदावर बोर्डवार बटणं, दिवे, सॉकेट लिहून दोघांनी सही केली, तर बिलाच्या दिवशी बोलायला फारसं उरत नाही. त्या फोटोंचा आणखी एक उपयोग आहे. पुढे कधी भिंतीला ड्रिल मारायचं झालं तर पाइप कुठून गेलाय ते कळतं.

आता मालाकडे. काम तीन तऱ्हांनी दिलं जातं: फक्त मजुरीवर, मालासकट पॉइंटवर, किंवा सगळं घर मिळून उक्तं. मजुरीवर दिलं की माल मालकाने आणायचा, आणि मग वायर कमी पडली म्हणून दर दोन दिवसांनी दुकानात धावायचं. मालासकट दिलं की वायर कोणती वापरली ही शंका कायमची. उक्त्या कामात दोघंही सुरुवातीला खूश असतात. मालकांना वाटतं, आकडा पक्का झाला. कंत्राटदाराला वाटतं, वाढीव काम निघालं की वेगळं मागू.

वायरीच्या किमतीत मुख्य वाटा तांब्याचा. वायरीचं बंडल साधारणपणे ९० मीटरचं असतं. दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर वायरीत तांबं भरतं साधारण १.२ किलो, अडीचच्या बंडलात दोन किलो, चारच्या बंडलात तीन किलोच्या थोडं वर. म्हणजे तांबं किलोमागे शंभर रुपयांनी वाढलं तर दीडच्या बंडलामागे सव्वाशेच्या आसपास आणि चारच्या बंडलामागे सव्वातीनशे रुपये निव्वळ धातूपोटी वाढतात. जगाच्या बाजारात तांब्याचा भाव सतत हलतो, आणि वायरीच्या कंपन्या त्याप्रमाणे वर्षातून अनेकदा याद्या बदलतात. मार्चमध्ये दिलेलं कोटेशन ऑगस्टमध्ये तसंच टिकावं ही अपेक्षा म्हणूनच अवघड आहे. कोटेशन किती दिवसांसाठी, ही एक ओळ त्यावर असली तर हा वाद निघतच नाही.

तांबं वाचवण्याचा मोह कुठे होतो, तेही याच हिशेबात दिसतं. एसीच्या लाइनला चार चौरस मिलिमीटरची वायर ठरली आहे आणि अडीचची ओढली, तर पंधरा मीटर अंतरात फेज आणि न्यूट्रल मिळून ४०० ग्रॅम तांबं वाचतं. घरात तीन एसी असतील तर किलोभराच्या वर गेलं. हे पकडायला भिंत फोडावी लागत नाही. वायरीच्या आवरणावर कंपनीचं नाव, जाडीचा आकडा आणि आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक छापलेला असतो, आणि वायरीची टोकं मुख्य पेटीत उघडीच असतात. पेटीचं झाकण लावायच्या आधी मेन बंद करून, कंत्राटदारालाच ती दाखवायला सांगायची. सरळ काम करणाऱ्या माणसाला याचा राग येत नाही.

मालाच्या बिलात आणखी एक गाठ असते, ती छापील यादीच्या भावाची. वायर, बटणं, एमसीबी यांच्या छापील किमती आणि दुकानदाराची खरी किंमत यांत बरंच अंतर असतं. सवलत किती हे गिऱ्हाईक कोण यावर ठरतं. इलेक्ट्रिशियनला मिळणारी सवलत मालकांना मिळत नाही, आणि कंपन्या बंडलाच्या खोक्यात कारागिरांसाठी कूपनं ठेवतात ती वेगळीच. मालकांना हे उशिरा कळतं आणि फसवल्यासारखं वाटतं. मला यात फसवणूक वाटत नाही, जोवर बोलणं पॉइंटच्या भावाचं आहे. मालासकट भाव ठरला असेल तर माल कितीला आणला हा कंत्राटदाराचा प्रश्न. पण “माल जेवढ्याला येईल तेवढ्याला, वर माझी मजुरी” असं ठरलं असेल, तर यादीचा भाव लावून सवलत खिशात घालणं ही लबाडी आहे, मग सगळे तसंच करत असले तरी.

कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते बिलात हमखास येतं. मीटरपासून घरापर्यंतची मेन केबल बदलायची का, खाचा कोण बुजवणार, राबिटाच्या गोण्या खाली कोण नेणार, जुनं वायरिंग काढायची मजुरी धरली आहे का, इंडक्शन आणि दुसरा एसी आला म्हणून महावितरणकडे लोड वाढवायचा तर ते पैसे कुणाचे. यातलं काहीच लपवलेलं नसतं, फक्त बोललेलं नसतं.

आणि मग ‘जाता जाता’ सांगितलेली कामं. काम चालू असताना काकू म्हणतात, इथे देवघरासाठी एक पॉइंट काढा. दोन दिवसांनी काका म्हणतात, वॉशिंग मशीन बाल्कनीत हलवू. मुलगा येऊन राउटरसाठी एक जागा दाखवून जातो. पैशांचं कुणी बोलत नाही, कारण चहा चालू असतो. शेवटी अकरा वाढीव पॉइंट निघतात आणि मालक म्हणतात, यांचं कुठे ठरलं होतं?

कायद्याचं यावर स्पष्ट उत्तर आहे, आणि ते दीडशे वर्षं जुनं आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७० चा आशय असा: एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे एखादं काम केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर दुसऱ्याने मोबदला दिला पाहिजे. लेखी करार असो वा नसो. या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल डिसेंबर १९६१ चा, पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल आणि सन्स. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून या कंत्राटदाराने पुरवठा खात्यासाठी बांधकाम करून दिलं होतं. सरकारशी करार ज्या रीतसर स्वरूपात व्हायला हवा तसा तो झालेला नव्हता, म्हणून सरकारने पैसे द्यायला नकार दिला. निकालपत्र लिहिलं ते साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, आणि पैसे द्यावे लागतील असं ठरलं.

त्या निकालात घरमालकांच्या उपयोगाचंही एक वाक्य आहे, अर्थाने सांगतो: ज्याच्यासाठी काम केलं त्याला ते नाकारायची मोकळीक असते, आणि त्याने ते स्वीकारलं किंवा त्याचा लाभ घेतला तरच देणं लागू होतं. म्हणजे तुम्ही न सांगता कुणी जिन्यात चार दिवे लावून ठेवले, तर “काढून न्या” म्हणता येतं. पण देवघराचा पॉइंट तुम्ही सांगितला, निघताना पाहिला, आणि आता रोज तिथे दिवा लावता, तर त्याचे पैसे नाकारता येत नाहीत. किती द्यायचे, हा प्रश्न मात्र उरतो. कलम ७० खाली मिळतो तो वाजवी मोबदला. कंत्राटदाराने बिलात टाकलेला आकडा आपोआप वाजवी ठरत नाही. मूळ कामाचा भाव ठरलेला असेल तर वाढीव पॉइंटालाही साधारण तोच लागावा, हे कुठल्याही पंचाला पटेल. अडचण एवढीच की कोर्टात जाऊन हे ठरवून घ्यायचा खर्च अकरा पॉइंटांपेक्षा मोठा असतो. व्हॉट्सॲपवर “देवघर १ पॉइंट वाढवला, ठरलेल्या भावाने” एवढं त्याच दिवशी टाकलं तर कलम ७० पर्यंत जावंच लागत नाही.

सगळ्यात अवघड भांडण मोठ्या कामाचं नसतंच. ते असतं दुरुस्तीचं. घरातला आरसीसीबी, ज्याला लोक अजून ईएलसीबी म्हणतात, तो सारखा पडतोय. इलेक्ट्रिशियन येतो, साडेतीन तास घालवतो, शेवटी एका पेटीत एक वायर कापून पुन्हा जोडतो आणि दोन हजार मागतो. मालक म्हणतात, एका वायरीचे दोन हजार?

त्या साडेतीन तासांत काय झालं ते बघू. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सारखा ताडून बघतो. दोन्हींत फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी तिसऱ्याच वाटेने जमिनीत जाते आहे. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, तेवढ्या फरकाच्या आत तो पडतो. जीव वाचावा म्हणूनच ते माप ठरलं आहे. आता गळती शोधायची कशी? पहिला उपाय सगळे एमसीबी खाली करून एकेक वर घेण्याचा, ज्याच्यावर पडेल ते सर्किट दोषी. पण घरातले बहुतेक एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दोष न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात असेल, तर एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत राहतो आणि पहिला उपाय निकामी होतो. मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवायची. सर्किट सापडलं की त्यातला बोर्ड शोधायचा, बोर्ड सापडला की कुठली वायर. मेगर लावून ५०० व्होल्टने आवरणाचा रोध तपासायचा. गिझरची कॉइल, बाथरूममधल्या बोर्डात शिरलेली ओल, दोन सर्किटांचे एकत्र बांधलेले न्यूट्रल, किंवा कपाट बसवताना सुताराचा स्क्रू पाइपात घुसून सोललेली वायर, यांपैकी काहीही निघू शकतं. एकदा जागा कळली की दुरुस्तीला दहा मिनिटं.

मालकांनी पाहिली ती दहा मिनिटं. पॉइंटच्या हिशेबाची सवय झालेल्या या धंद्यात शोधण्याला मापच नाही, म्हणून कारागीर ते पैसे वायरीच्या नावावर घालतो आणि ते अचाट दिसतात. ॲपवरच्या सेवांची दरपत्रकं इथे उपयोगी पडत नाहीत. पंखा बसवण्याचा भाव छापता येतो, गळती किती वेळात सापडेल याचा छापता येत नाही. चोख मार्ग असा की शोधण्याचा तासाचा भाव आधी ठरवायचा, ठरावीक तासांनी थांबून विचारायचं, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे. आपल्याकडे फार थोडे लोक असं करतात. तपासायचे पैसे द्यायला डॉक्टरांच्या बाबतीत आपण कुरकुरत नाही, इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत कुरकुरतो.

स्वस्त कोटेशनमागे काही वेळा परवान्याचा फरक असतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणं यासारखी किरकोळ कामं सोडली तर नवं वायरिंग किंवा वायरिंगमधला बदल परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावा, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम सांगतात. २०१० च्या नियमांत हे होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं शिक्षण घेतलेला हुशार कारागीर काम उत्तम करेल, पण नवी जोडणी घेताना वीज कंपनीला लागणारा चाचणी अहवाल परवानाधारकाचाच लागतो. तो अहवाल ऐनवेळी बाहेरून आणायचा तर त्याचे पैसे वेगळे पडतात आणि स्वस्तातलं कोटेशन तेवढं महाग होतं. जीएसटीचंही असंच. माल आणि मजुरी मिळून केलेल्या अशा कामावर १८ टक्के कर आहे, आणि “जीएसटी एक्स्ट्रा” हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. नोंदणी नसलेल्या कंत्राटदाराला कर वसूल करताच येत नाही. त्याने बिलात जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक विचारावा.

नव्या फ्लॅटमध्ये दोष निघाला तर इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी बिल्डरला लिहावं. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. ताबा मिळाल्या मिळाल्या इंटिरियरसाठी सगळं वायरिंग उपसलेलं असेल, तर मात्र दोष कुणाचा हे सिद्ध करणं कठीण जातं.

इतकं करूनही फाटलंच, तर जायचं कुठे? मालकांसाठी ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये किमतीबद्दलची तक्रार कधी करता येते ते मोजून दिलं आहे: कायद्याने ठरवलेल्या, वस्तूवर छापलेल्या, दरपत्रकात जाहीर केलेल्या किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर. वायरिंगच्या पॉइंटचा भाव कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही. “शेजाऱ्याकडे सहाशे घेतले, माझ्याकडे आठशे” ही तक्रार त्यामुळे आयोगापुढे उभी राहत नाही. “आठशे ठरले, हजार लावले” ही राहते. हलकी वायर वापरली, काम अर्धवट सोडलं, ही सेवेतली त्रुटी झाली. केलेल्या कामाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघावी. वायर हलकी होती असं नुसतं म्हणून भागत नाही. दुसऱ्या परवानाधारकाकडून लेखी तपासणी करून घेतलेली बरी.

कंत्राटदाराला हे दार बंद आहे, कारण तो या व्यवहारात ग्राहक नाही. मालकांनी शेवटचा हप्ता दाबून ठेवला तर त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीन वर्षांत. पस्तीस-चाळीस हजारांसाठी वकील करणं त्याला परवडत नाही, आणि मालकांनाही हे ठाऊक असतं. शेवटचे दहा टक्के दाबण्याची हिंमत त्यातूनच येते. तोही मग रागाच्या भरात पेटीतले एमसीबी काढून नेतो आणि स्वतःची बाजू घालवतो, कारण भिंतीवर बसलेला माल परत उचलून न्यायचा हक्क त्याला नाही. त्याने जावं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. दावा दाखल करण्याआधीच्या टप्प्यावर लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, तिथे न्यायालयाचं शुल्क लागत नाही, आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. मात्र समोरचा आला तर. लोकअदालत कुणावर तडजोड लादू शकत नाही. शेवटचा हप्ता सरकारी कामासारखा आधीच ठरवून घ्यावा: इतके टक्के रक्कम इतके महिने मालकांकडे राहील, दोष निघाला नाही तर अमुक तारखेला मिळेल. मग दाबून ठेवलेल्या पैशाला तारीख असते, आणि ती उलटली की मालकांना सांगायला कारण उरत नाही.